धूर सुळक्याला लागला

"काकी मला आत घे, काकी," असं बोलत ती चादर ओढत होती आणि मी आतून टोक पायाखाली दाबत होते. आधी डावीकडनं ओढलं, मी डावा पाय घट्ट केला. मंग मागून ओढलं, मी मागं रेलले. पाच महिन्यांचा पार्थ माझ्या पोटाशी, त्याचं तोंड मी छातीत दाबलेलं, रडून रडून त्याचा आवाज फाटला होता, आणि चादरीवर बाहेरून टपटप टपटप माश्या आपटत होत्या, गारा पडतात तशा. एक आत शिरली होती, ती माझ्या मानेवर डसली, मला दुखलं पण नाय. मी फक्त टोकं मोजत होते. चार टोकं. दोन पायाखाली, एक बुडाखाली, एक हातात. चार टोकं धरली की झालं.

"काकी, मी हाय गं, सायली."

मला काय माहीत नव्हतं काय ती कोण हाय? मला माहीत होतं. म्हणूनच मी दाबून धरलं. उघडली असती तर त्या सगळ्या आत आल्या असत्या, पार्थच्या तोंडावर बसल्या असत्या. हे मी तेव्हाच मनात बोलले का नंतर बोलायला शिकले ते आता मला कळत नाय. मंग ओढणं थांबलं. पळाल्याचा आवाज आला, चपलांचा, फटक फटक. मंग तो पण नाय.

आता माघ सुरू झालाय आणि परत सावर फुललीय. काटेसावर, जिला पान एक नसतं आणि नुसती लाल लाल फुलं येतात, ती. माझं माहेर पळस्प्याच्या पुढं, गोव्याच्या रस्त्याला, त्यामुळे जायचं तर कर्नाळ्याच्या डोंगराखालूनच जायला लागतं. दुसरी वाटच नाय. रस्त्यावरनं तो सुळका दिसतो, अंगठा वर केल्यासारखा. सगळी गाडी बघते, पोरं बोट दाखवतात, फोटो काढतात. मी दुसऱ्या बाजूला बघते. पण दुसऱ्या बाजूला पण सावर हाय. खाली फुलं पडलेली, जाड जाड, त्यात मुंग्या आणि माश्या. कुठं बघायचं माणसानं?

इथं कामोठ्यात एवढ्या बिल्डिंगी झाल्या, आमच्या गावठाणाच्या घराला चारी बाजूंनी सेक्टरांनी घेरलंय, तरी या दिवसांत माशी येते. नळाच्या तोंडाशी येते, ओल्या फडक्यावर बसते. बिचारी पाणी प्यायला येते. मी हातातलं भांडं तिथंच सोडून बाहेर येते. कोणी विचारलं तर बोलते, गॅसचा वास आला. शेजारच्या क्लासमधल्या मुलांच्या बाइका सुरू झाल्या, मिक्सर लावला, पंखा जुना होऊन घरघरायला लागला, की माझ्या मानेवर काटा येतो. पार्थचे पप्पा रिक्षा चालवतात. संध्याकाळी दारात येऊन रिक्षा बंद करतात तेव्हा शेवटी ती जरा घूं करते. तेवढं घूं. तेवढ्याला पण मी दचकते. ते बोलतात, "आता आठ वर्सं झाली गं." मी बोलते, हो.

आठ वर्सं. पार्थ तिसरीत हाय.

त्याच्या आधी माझी दोन गेली होती, पोटातच. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. सासूबाय, म्हणजे आमची आय, तिनं गडावरच्या देवीला नवस केला. आमच्याकडं नवस नुसता करत नाय, शब्द धरून करतात, आणि जसा बोलला तसाच फेडायचा, त्यात कमीजास्त चालत नाय. आय बोलली होती, पोर जगलं तर त्याच्या आईच्या फुंकरीनं धूप घालीन, आणि धूर सुळक्याला लागंल. सुळक्याला. आता देवीच्या पायाशी धूप घातला तर धूर सुळक्याला लागायला कितीसा लागंल, तिला काय अंदाज. ती बोलून गेली. आणि पार्थ झाला, आणि जगला.

कुंदाताई, माझी मोठी जाऊ, ती पण येणार होती. पातळ काढून ठेवलं होतं, खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. सकाळी बघते तर ताई मागच्या दारी बसलेली, तोंड पाडून.

"मला अडचण आली गं," ती बोलली. "तुमी जा. सायलीला न्या, ती आठ दिवस नाचतेय." मंग सायलीच्या दोन वेण्या घालून दिल्या लांबूनच, म्हणजे हात लांब करून, आय बघत होती म्हणून. आणि तिला बोलली, "काकीच्या पाठीमागनं हलायचं नाय. ऐकतेस का?"

"काकीच्या पाठीवर बसून जाऊ?"

"जल्ला तोंड तुझं. सात वर्सांची घोडी झालीस."

असं सगळं हसत चाललेलं.

मला ते जंगल अजून आठवतं, आणि वाईट ह्याचं वाटतं की ते छान आठवतं. सागाची सुकलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. ऊन वरनं गळून गळून खाली येत होतं. मी कधी अशी चालले नव्हते, लग्न झाल्यापासून नाय. पाण्याला नाय, बाजाराला नाय, नुसती झाडातनं चालले होते आणि माझं लेकरू माझ्या अंगावर होतं, माझं, जगलेलं. कुठला तरी पक्षी शीळ घालत होता, माणसासारखी. सायली बोलली, "काकी, कोण वाजवतं?" मी बोलले, तुझा नवरा. ती लाजली नाय, तिनं परत शीळ घातली.

वर चढताना तिची बडबड चालूच. माकडं बघितली तर बोलते, "आजी, माकडीण पण नवस करते काय गं?" आय धापा टाकत होती तरी बोलली, "करते तर. तुझ्या आईनं केलेला, तवा तू झालीस."

खाली गेटवर जो माणूस होता त्यानं आमाला नीट सांगितलं होतं. त्याचा काय एक दोष नाय, मी कुठंही हेच सांगीन. तो बोलला, "आजी, वर काय पेटवायचं नाय हां. अगरबत्ती पण नाय. सुळक्याला आग्या मोहोळं हायत, धुरानं उठतात."

आय बोलली, "आरं बाबा, आमी काय पेटवतो, आमची हाडंच पेटायला आलीत."

तो हसला. आमी पण हसलो. आणि भाकरीच्या डब्याखाली गोवऱ्या होत्या, नारळाची शेंडी होती, पुडीत राळ आणि गुग्गुळ. मला माहीत होतं. पार्थच्या पप्पांना पण माहीत होतं. पण नवस. नवस अर्धा ठेवला आणि पोराला काय झालं तर? दोन गेली होती माझी. मी गेटवरच्या माणसाचं ऐकू, का देवीचं?

शेवटच्या चढाला आयचे गुडघे गेले. ती पायऱ्यांच्या वळणावर बसली, पार्थचे पप्पा तिच्यापाशी थांबले. आय बोलली, "तू जा वर. आईचीच फुंकर पायजे, माझी नको. सायलीला ने, ती मला वरनं सांगंल." म्हणून वर आमी तिघंच. मी, पार्थ आणि सायली.

मी चादर अंथरली, सोलापुरी, मोठी, निळ्या काठाची. पार्थला त्यावर निजवला. देवीपुढं शेंडी पेटवली, गोवरी ठेवली, राळ टाकली, आणि फुंकायला लागले. धूर डोळ्यात गेला, पाणी आलं, तरी बरं वाटत होतं. ती वासाची गंमत हाय, गुग्गुळाचा वास आला की घरात सगळं नीट हाय असं वाटतं. धूर वाऱ्यानं तिरका जायचा. खालून आय ओरडायची, "लागला का गं?"

सायली वर मान करून बघायची आणि कडेला जाऊन ओरडायची, "नाय लागलाऽ, आजीऽ!"

"दर्शना, अजून टाक! फुक जोरात! काय मऊ हाताची सून दिलीय देवानं!"

मी सगळी पुडी ओतली. पोटातनं फुंकलं. वारा पडला तेवढ्यात, आणि धूर सरळ वर गेला, जाड, पांढरा, आणि सुळक्याच्या काळ्या अंगाला चिकटला, वर वर सरकला.

"लागला! लागला!" सायली टाळ्या पिटत होती. "आजी, धूर सुळक्याला लागला!"

मंग वरनं काळं काय तरी सुटलं. मला वाटलं धूरच हाय.

खालून माणसं वर आली तेव्हा सगळं थंड झालं होतं. त्यांनी अंगाला घोंगड्या गुंडाळल्या होत्या. मला चादरीतनं काढायला गेले तर मी सोडेना, चारी टोकं धरूनच बसले. पार्थला दोन ठिकाणी डसल्या होत्या, कानाला आणि पायाला. सायली पाण्याच्या टाक्याच्या काठाला पडलेली, माझ्यापासनं दहा पावलांवर. पाण्यात उतरायला गेली असंल. वेण्या तशाच होत्या. पनवेलच्या दवाखान्यात कुंदाताई आली, तिनं चेहरा बघितला आणि बोलली, ही नाय, ही माझी नाय. मंग कानातल्या बाळ्या बघितल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायली गेली.

दवाखान्याच्या बाकड्यावर कोणी तरी मला विचारलं, मुलगी कुठं होती? मी बोलले, "टाक्याकडं गेली होती. मला दिसलीच नाय." एवढंच. ते एक वाक्य. कोणी परत विचारलं नाय, सगळे बोलले, होय, तिथंच सापडली ना. भावजी, सायलीचे पप्पा, कोपऱ्यात भिंतीला डोकं लावून उभे होते. आणि कुंदाताई माझ्या शेजारी येऊन बसली, माझी सुजलेली मान तिनं हातानं चाचपली आणि बोलली, "तू तरी कुठं कुठं बघणार गं. तुझ्या पदरात लेकरू."

तिनं मला शिवी द्यायला पायजे होती. एक तरी.

आय त्या दिवसापासनं देवाजवळ बसत नाय. तुळशीला पाणी मी घालते. आय ओटीवर बसून असते आणि आल्यागेल्याला सांगते, "मीच मारली माझी नात. मीच ओरडत होते, अजून टाक, अजून टाक. ही बिचारी नवी पोर, हिला काय कळतं. पाप माझंच हाय." मी आत लसूण सोलत असते, ऐकत असते. आठ वर्सं मी ती म्हातारी माझ्या वाटणीचं पण ओढतेय ते बघते, आणि तिला चहा नेऊन देते, साखर जास्त घालून. एकदा फक्त मी बोलायला गेले, "आय, माझं पण..." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. बोलली, "तू नको. तुझं पोर लहान हाय." आणि मला सुटल्यासारखं झालं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

कुंदाताईला दुसरं झालं नाय. भावजी उरणला बंदरात कामाला, आठवड्यानं येतात. ताईला पार्थच. त्याची शाळेची बॅग ती भरते, पाढे ती घेते, तो तिला मोठी आई बोलतो आणि मला नुसती मम्मी. ताप आला की तिच्याच मांडीवर झोपतो. गावातल्या बाया मला टोमणा मारतात, "काय गं दर्शना, पोर तुझं का जावेचं?" मी बोलते, दोघींचं. त्यांना वाटतं, किती मोठं मन.

मागच्या पावसात एक दिवस मी पाणी भरून आत आले तर पलंगावर चादर ताणून त्याचं घर केलेलं. आतून खिदळणं. पार्थ आत, आणि एवढी पन्नाशीला आलेली कुंदाताई पण आत, तिचे पाय बाहेर आलेले, पायाच्या भेगा दिसत होत्या. पार्थनं टोक उचललं आणि डोकं बाहेर काढलं.

"मम्मी, ये ना आत! जागा हाय!"

आतून ताई बोलली, "ये गं दर्शना, मावशील."

मी हातातला हंडा ठेवला का टाकला आठवत नाय. पाणी सगळीकडं झालं. ताई बाहेर येऊन फरशी पुसायला लागली, बोलली, "कामानं थकतेस तू." मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबला.

जागा होती. तेव्हा पण होती. ती सोलापुरी चादर दोन मोठ्या माणसांची होती, मी एकटी आणि एक तान्हं, सायली एवढीशी. मी घाबरले म्हणून बोलले तर खरं हाय, पण सगळं खरं नाय. तेव्हा माझ्या मनात ती आमची सायली नव्हतीच. ती बाहेरची होती. जे बाहेर होतं ते सगळं मारणारं होतं, आणि जे आत होतं ते माझं. मला माझ्या मनाचा तो कप्पा दिसला आणि त्या दिवसापासनं मी कुठं पण बसले, लग्नात, हळदीला, तरी तो दिसतो. सगळे गातात, मी पण गाते.

दर माघात कुंदाताई मला विचारते. सायलीचं वर्सश्राद्ध झालं की भांडी घासताना, माझ्याकडं न बघता. "ओरडली का गं लय?"

"नाय ताई. लांब होती ना. आवाज नाय आला."

"काहीच नाय?"

पहिल्या वर्सी ती एवढी वाकलेली होती, तिचे हात राखेत थांबलेले, मी बोलून गेले, "एकदाच आला. आई, अशी हाक मारली."

ती त्याच्यावर जगतेय. दर वर्सी तेच परत ऐकायला मागते, आणि दर वर्सी मी त्यात थोडं घालते. मोठ्यानं नाय, हळूच बोलली. रडत नव्हती. ताईचा चेहरा त्या वेळी जरा उजळतो. आणि मला कानात ऐकू येत असतं ते काकीच. आईला तिनं हाक मारलीच नाय, आई तिथं नव्हती. तिथं मी होते.

परवा आमी दोघी ओटीवर जवळा निवडत होतो. ताई एकदम बोलली, "आवंदा मला वर जायचंय."

"कुठं वर?"

"गडावर. आठ वर्सं मी तो डोंगर लांबनं बघते. आता ती पंधराची असती. मला एकदा तिथं बसायचंय जिथं ती होती. काय पेटवायचं नाय, भिऊ नको. नुसतं हळदकुंकू आणि तिच्या मापाच्या बांगड्या ठेवीन."

मी बोलले, "ताई, तुमचे गुडघे. चढ लय हाय. आणि हे असले दिवस, माश्या हायत."

"असू दे. माझं काय करतील?" मंग जरा हसली. "तुला आठवतं ना नीट? मला कोण दुसरं दाखवणार? तू एकटीच होतीस तिथं."

जवळ्यातला कचरा मी बाजूला काढत होते, बोटांना कळत नव्हतं काय ठेवायचं आणि काय टाकायचं.

"मला पाऊल पाऊल दाखव," ती बोलली. "तू कुठं बसलेलीस, ती कुठं होती, मधी किती अंतर. मी रोज मनात ते घालते आणि ते बसत नाय बघ. टाक्यापासनं तुझ्यापर्यंत दहा पावलं बोलतात. माझी पोर दहा पावलं धावून तुझ्याकडं आली कशी नाय? ती तर तुझ्याशिवाय जेवत नव्हती."

तिनं ते असंच विचारलं. तिच्या डोळ्यात काय संशय नव्हता. मी बघितलं, खूप बघितलं, मला तो पायजे होता. नुसतं एक आई कोडं सोडवत होती.

मी बोलले, "घाबरली असंल."

"हां. घाबरली असंल," ती बोलली आणि जवळा पाखडायला लागली.

उद्या सकाळी जायचं ठरलंय. पार्थचे पप्पा रिक्षानं गेटपर्यंत सोडतील. बांगड्या आणल्यात, हिरव्या, पंधरा वर्सांच्या मुलीच्या मापाच्या. पार्थ शाळा बुडवून येतो बोलतो, ताई बोलते, येऊ दे, बहीण होती त्याची. आणि मी दुपारचं हे लिहायला बसलेय, आठवी शिकलेली बाय, कारण तोंडानं सांगायला मला ह्या गावात एक माणूस नाय.

वर गेल्यावर ती मला विचारील, कुठं? मी टाक्याकडं बोट केलं तर ती तिथं बसंल, त्या दगडाला कुंकू लावील, त्याच्याशी बोलंल, आणि तो दगड खोटा असंल. माझी जागा दाखवली, माझ्या पायापाशी बोट केलं, तर तिला कळंल की तिची पोर धावत आली होती, दहाच्या दहा पावलं आली होती, माझ्याकडंच आली होती. तिचं कोडं सुटंल. तेवढं तिला मिळंल. आणि पार्थ तिथंच उभा असंल, तिचा हात धरून, ऐकत, की तो का जगला.

तुमी बाया असाल, पोरंबाळं असतील तुमची. मला देवाधर्माचं सांगू नका, ते माझं ऐकून झालंय. मला फक्त एवढंच सांगा. तुमचं पाच महिन्यांचं तुमच्या पोटाशी हाय आणि बाहेरून दुसरीचं लेकरू ओढतंय, तुमी ते टोक उचललं असतं? आणि जर तुमी पण दाबूनच धरलं असतं, तर उद्या तिच्या आईला तुमी कुठं बोट दाखवलं असतं?